मैदानाचे माळी

उत्तम शेती, मध्यम व्यापार आणि कनिष्ठ नोकरी, असा जो आपल्याकडे धंद्यांचा अनुक्रम परंपरेनें ठरून गेला आहे, त्यांत बागेच्या किंवा मैदानाच्या माळ्याला कोणती जागा द्यावी हें सांगणें मोठें कठीण आहे. त्याचें काम पाहावें तर तें शेतीचें. माती, पाणी, खत, ऋतु आणि रोप यांच्याशींच त्याचा अष्टौप्रहर संबंध. त्याची स्थिति पाहावी तर ती चाकराची; पिकावर त्याचा हक्क नाहीं, जमिनीवर नाहीं, आणि पुष्कळदां स्वतःच्या वेळेवरही नाहीं. कामानें उत्तम आणि पदानें कनिष्ठ असा हा चमत्कारिक धंदा आहे. गेल्या दोनशें वर्षांत या धंद्याला विद्येचें रूप कसकसें येत गेलें, आणि तें येत असतां त्यांतील माणसाच्या वांट्याला काय आलें, याचा थोडा इतिहास या लेखांत पाहावयाचा आहे.

क्रिकेटचा सामना पाहावयास जमलेल्या हजारों प्रेक्षकांत, समोर पसरलेली हिरवळ कोणी वाढविली असा प्रश्न मनांत आणणारा मनुष्य विरळा. ती पावसानें उगवली व आपोआप सपाट राहिली, असाच बहुतेकांचा समज दिसतो. वास्तविक चांगल्या मैदानावरील हातभर हिरवळही विणलेल्या वस्त्राइतकीच हातानें घडविलेली असते. जमीन समतल करावयाची, पाणी मुरेल पण साचणार नाहीं असा उतार द्यावयाचा, तण वेंचावयाचें, गवत ठरावीक उंचीवर कापावयाचें, आणि खेळपट्टीची माती ओल उतरत असतांना नेमक्या वेळीं रुळाखालीं घालावयाची. ही नेमकी वेळ पुस्तकांत सांपडत नाहीं. माती फार ओली असेल तर ती रुळाला चिकटून वर येते. फार वाळली असेल तर रूळ कितीही फिरविला तरी ती दबत नाहीं. अंगठा टेकून मातीची ओल ओळखणारा जो माणूस, तोच सामन्याचा पहिला सूत्रधार असतो. मात्र नाटकाच्या जाहिरातींत त्याचें नांव नसतें.

आपल्या देशांत बागाइतीची विद्या जुनी आहे. परंतु ती बव्हंशीं जातीच्या पोटांत राहिली. माळ्याचा मुलगा माळी, ही रीत. महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याचें मूळ आडनांव गोऱ्हे. पेशव्यांना फुलें पुरविण्याचें काम त्या घराण्याकडे आल्यामुळें लोक त्यांस फुले म्हणूं लागले, आणि धंद्याचें नांव हेंच आडनांव होऊन बसलें. या पद्धतीचा गुण असा कीं, बाप मुलाला जें हातोहात शिकवी तें फुकट जात नसे. दोष असा कीं, त्या ज्ञानाला जातीबाहेर वाट नव्हती, त्याची लेखी नोंद क्वचितच होई, आणि तें कितीही वाढलें तरी त्यामुळें माळ्याची समाजांतील पायरी वाढत नसे.

इंग्लंडांत जातीचें बंधन नसलें तरी दर्जाचें होतें. बारा-चौदा वर्षांचा मुलगा एखाद्या सरदाराच्या बागेंत कुंड्या धुण्याच्या कामावर लागे. पुढें कांहीं वर्षें उमेदवारी करी. मग एका बागेंतून दुसऱ्या बागेंत हिंडत हिंडत कारागीर होई. हे तरुण माळी बागेच्या भिंतीला लागून असलेल्या कोंदट खोल्यांत एकत्र राहत, आणि मुख्य माळ्याची जागा मिळेपर्यंत लग्नाचा विचार त्यांस बहुधा दूरच ठेवावा लागे. तथापि या शिडीला पायऱ्या होत्या, हें विसरतां कामा नये. वरच्या पायरीवर घर होतें, हाताखालीं माणसें होतीं आणि कांहींसा मानही होता.

या शिडीवरून सर्वांत उंच चढला तो जोसेफ पॅक्स्टन. तो १८०३ सालीं एका शेतकऱ्याच्या घरीं जन्मला. लंडनजवळ चिझिक येथें हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग होती. तेथें तो काम करीत असतां शेजारच्या वाड्याचे मालक ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांच्या तो नजरेस आला, आणि पंचविशीही गांठली नव्हती तोंच, १८२६ सालीं, त्यांच्या चॅट्सवर्थ येथील विस्तीर्ण बागेचा मुख्य माळी झाला. उष्ण प्रदेशांतील झाडें इंग्लंडच्या थंडींत जगवावयाचीं म्हणून त्यानें तेथें कांचेचीं घरें बांधलीं. दक्षिण अमेरिकेंतील राक्षसी कमळ त्यानें १८४९ सालीं तेथें फुलवून दाखविलें. पुढें १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनासाठीं इमारत कशी असावी हा प्रश्न निघाला. दोनशेंहून अधिक आराखडे येऊनही एकही पसंत पडेना. अखेर या माळ्यानें सुचविलेला कांचमहाल उभारला गेला. त्याच वर्षीं त्याला 'सर' ही पदवी मिळाली, आणि १८५४ सालीं तो पार्लमेंटांतही निवडून गेला. ही कथा स्फूर्तिदायक खरीच. पण तिच्यांतील एक गोष्ट नजरेंतून सुटूं नये. पॅक्स्टनला पदवी मिळाली ती त्यानें पंचवीस वर्षें राखलेल्या बागेमुळें नव्हे, तर बागेबाहेर येऊन बांधलेल्या इमारतीमुळें. माळी मोठा झाला, माळीकाम होतें तेथेंच राहिलें.

हिरवळीच्या कामाचा इतिहास याहून साधा, परंतु आपल्या विषयाला अधिक जवळचा आहे. गवत कापण्याचें काम त्या काळीं लांब दांड्याच्या कोयत्यानें होई. दंवानें ओलें झालेलें गवत पात्याला चांगलें लागतें, म्हणून कापणारे पहांटेंच कामास लागत; आणि जमिनीला न खरचटतां सगळें गवत सारख्या उंचीवर कापणें हें वर्षानुवर्षांच्या सरावाचें काम होतें. १८३० सालीं ग्लॉस्टरशायरांतील स्ट्राउडजवळच्या एडविन बडिंग नांवाच्या यंत्रज्ञानें गवत कापण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. लोंकरी कापडावरील तंतू छाटून तें गुळगुळीत करणारें यंत्र त्यानें गिरणींत पाहिलें होतें. तीच युक्ति त्यानें जमिनीवर आणली. लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालय हें त्याच्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकीं एक. तेथील मुकादमाचा अभिप्राय असा पडला कीं, हें यंत्र कोयते व झाडू घेतलेल्या सहा ते आठ माणसांचें काम करतें.

या अभिप्रायाचे दोन अर्थ होतात आणि दोन्ही खरे आहेत. सहा कोयतेवाल्यांची पहांटेची मजुरी गेली, हा एक. दुसरा असा कीं, जी हिरवळ पूर्वीं केवळ सरदारांच्या वाड्यापुढें परवडत असे ती आतां शाळेपुढें, बंगल्यापुढें आणि खेळाच्या मैदानावर परवडूं लागली, आणि तिच्याबरोबर ती राखणाऱ्या माणसाची गरजही ठिकठिकाणीं उत्पन्न झाली. यंत्रानें बाहूंतील कसब काढून घेतलें, पण किती आंखूड कापावें, केव्हां कापूं नये, हा विवेक माणसाकडेच ठेवला. आजच्या मैदानरक्षकाचा धंदा या विवेकावर उभा आहे.

लंडनचें लॉर्ड्स हें मैदान क्रिकेटचें पीठ मानलें जातें. तेथेंही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गवत आंखूड ठेवण्याचें काम मेंढ्यांकडे असे. पगारी मैदानरक्षक नेमला गेला तो १८६४ सालीं. तरीही खेळपट्टी खडबडीतच राहिली. जून १८७० मध्यें नॉटिंगहॅमशायरचा जॉर्ज समर्स हा फलंदाज तेथें खेळत असतां चेंडू टप्पा घेऊन उसळला व त्याच्या डोक्यावर आदळला. कांहीं दिवसांतच तो मरण पावला. तो अवघा पंचवीस वर्षांचा होता. या दुर्घटनेनंतर तेथें जड रूळ फिरूं लागला. रूळ फिरविणें हें हमालाचें काम समजणाऱ्यांनीं या तरुणाची आठवण ठेवावी. मैदान राखणाऱ्याच्या हातीं खेळाची शोभाच नव्हे, तर खेळाडूचें डोकेंही असतें.

स्कॉटलंडांत गोल्फच्या मैदानावर या धंद्याला प्रथम खरी प्रतिष्ठा मिळाली, आणि ती मिळवून देणारा टॉम मॉरिस हा मूळचा गोल्फचे चेंडू बनविणारा कारागीर. १८५१ सालीं तो प्रेस्टविक येथें हिरवळीचा राखणदार झाला. पुढें १८६४ सालीं त्याला वर्षाला ५० पौंड देऊन त्याच्या जन्मगांवीं, सेंट अँड्र्यूजला, बोलावण्यांत आलें, आणि १९०३ पर्यंत तो तेथें काम करीत होता. हिरवळीवर वाळूचा थर पसरला असतां गवत दाट व निरोगी येतें, हें त्यानें अनुभवानें ओळखलें. रविवारीं तो मैदान बंद ठेवी. माणसाप्रमाणें गवतालाही विसांवा हवा अशी त्याची श्रद्धा होती. विशेष हें कीं, हाच मनुष्य खुली स्पर्धा ४ वेळां जिंकलेला खेळाडू होता. गवत राखणारा आणि खेळणारा एकच असल्यामुळें त्याच्या शब्दाला सभासदांतही वजन आलें. पुढें १९२९ सालीं यॉर्कशायरांतील बिंगली येथें हिरवळीच्या संशोधनासाठीं एक स्वतंत्र संस्था निघाली; १९५१ मध्यें तिला क्रीडा-हिरवळ संशोधन संस्था हें व्यापक नांव मिळालें. टॉमसारख्यांच्या हातांत असलेली विद्या अशा रीतीनें कागदावर उतरूं लागली.

स्त्रियांच्या वांट्याला हा धंदा कसा आला, हेंही येथेंच सांगण्याजोगें आहे. लंडनच्या क्यू येथील राजोद्यानांत १८९६ सालीं प्रथमच स्त्रिया माळीकामावर घेण्यांत आल्या. स्वॉन्ली येथील उद्यानविद्यालयांतून त्या रीतसर शिकून आल्या होत्या. परंतु पुरुष कामगारांचें लक्ष कामावरून उडूं नये म्हणून त्यांनीं पुरुषांसारखाच पोषाख करावा असें ठरलें; परिणाम असा झाला कीं, तो पोषाख पाहण्यासाठींच बघ्यांची गर्दी होऊं लागली! विद्या होती, हात होते. पण त्या विद्येला आपल्या स्वतःच्या रूपानें बागेंत यावयास मज्जाव होता. हा अनुभव केवळ इंग्लंडांतील स्त्रियांचा नाहीं. त्याच सुमारास आपल्या पुण्यांत एक तरुण याहून कडक मज्जाव सोशीत मैदानावर रूळ फिरवीत होता.

त्या तरुणाचें नांव पालवणकर बाळू. त्यांचा जन्म १८७६ सालीं धारवाडास, चर्मकार जातींत झाला. वडील लष्करांत नोकरीस असल्यामुळें बाळपण पुण्याच्या छावणींत गेलें, आणि गोऱ्या अंमलदारांनीं टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू व त्यांचे बंधु शिवराम क्रिकेट शिकले. पुण्यांतील एका पारशी क्लबांत खेळपट्टी झाडण्याचें व रूळ फिरविण्याचें काम त्यांना मिळालें. वेतन महिना ३ रुपये. पुढें १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या क्लबांत गेले, तेथें ४ रुपये झाले. खेळपट्टीवर रूळ फिरवावयाचा, तिच्यावर रेषा आंखावयाच्या, सरावाचीं जाळीं उभारावयाचीं, टेनिसचीं अंगणें आंखावयाचीं, आणि फुरसत असेल तेव्हां साहेबांना चेंडू टाकावयाचा, असें त्यांचें काम होतें.

चेंडू टाकतां टाकतां त्यांच्या डाव्या हाताची करामत साहेबांच्या ध्यानांत आली. कॅप्टन ग्रेग हे त्या वेळचे नांवाजलेले फलंदाज. ते इतरांच्या आधीं येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर तासन् तास सराव करीत, आणि आपल्याला बाद केल्यास दर खेपेस ८ आणे देत, अशी आख्यायिका आहे. हिशेब करून पाहिला तर, साहेबाला ८ वेळां बाद करावें तेव्हां महिन्याच्या पगाराएवढे पैसे हातांत पडावेत! मात्र या सर्व काळांत बाळूंच्या हातीं त्या क्लबांत कोणी बॅट दिली नाहीं. फलंदाजी साहेबाची आणि गोलंदाजी चाकराची, हा तेथील अलिखित नियम होता.

बाळूंच्या गोलंदाजीचें रहस्य त्यांच्या बोटांत शोधणारे पुष्कळ आहेत. आमच्या मतें त्याचें एक मूळ त्यांच्या रुळांतही असावें. ज्या मातीवर चेंडू पडणार ती माती पहांटे झाडणारा, तिच्यावर पाणी शिंपणारा, तिची ओल केव्हां उतरते व भेगा कोठें पडतात हें रोज डोळ्यांनीं पाहणारा मनुष्य, आपला चेंडू कोठें टाकावा हें इतरांपेक्षां अधिक जाणील यांत नवल तें काय? क्लबाच्या सभासदांना ती खेळपट्टी खेळाच्या वेळींच दिसे. बाळूंना ती चोवीस तास ठाऊक होती.

पुण्याच्या हिंदु खेळाडूंपुढें प्रश्न पडला कीं, अस्पृश्य गणलेल्या या माणसाला संघांत घ्यावें कीं नाहीं. युरोपियनांना हरविण्याची इच्छा सोंवळ्यापेक्षां बलवत्तर ठरली व बाळू संघांत आले. मैदानावर एकच चेंडू सर्वांच्या हातांतून फिरे. परंतु चहाची वेळ झाली कीं, इतर मंडळी आंत बसत आणि बाळूंना बाहेर मातीच्या कुल्हडांतून चहा मिळे. जेवणाचें पानही वेगळें असे. ज्या मातीवर त्यांनीं घाम गाळला ती चालत होती, त्यांनीं टाकलेला चेंडू चालत होता. त्यांचा पेला तेवढा चालत नव्हता.

या काळांतील एक प्रसंग आमच्या विषयाच्या दृष्टीनें फार बोलका आहे. पुण्याचा हिंदु संघ सातारच्या युरोपियन जिमखान्याशीं खेळावयास जाणार होता. बाळूंची गोलंदाजी निष्प्रभ व्हावी म्हणून सातारच्या मंडळींनीं आपल्या माळ्याकडून खेळपट्टीवर सबंध आठवडाभर रूळ फिरवून घेतला. युक्ति शास्त्रशुद्ध होती. घट्ट दाबलेल्या, भेग नसलेल्या मातीवर चेंडूला वळण मिळणें कठीण. तरीही बाळूंनीं ७ गडी बाद केले आणि पुण्याचा संघ सहज जिंकला. या सामन्याच्या दोन्ही टोकांना एक एक रूळ ओढणारा मनुष्य उभा आहे. एकाचें नांव आज सर्वांना माहीत आहे; दुसऱ्याचें नांव कोणीही टिपून ठेविलेलें नाहीं.

पुढचा इतिहास क्रिकेटच्या वाचकांस परिचित आहे. प्लेगाच्या दिवसांत बाळू मुंबईस आले, हिंदु जिमखान्याकडून खेळूं लागले व रेल्वेच्या नोकरींत शिरले. १९०६ सालीं हिंदूंनीं युरोपियनांचा १०९ धावांनीं पराभव केला, त्यांत बाळूंचे ८ बळी होते. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं इंग्लंडांत गेलेला संघ वारंवार हरला. परंतु बाळूंनीं एकट्यानें त्या दौऱ्यांत ११४ बळी घेतले. एवढें करूनही हिंदु संघाचें कर्णधारपद त्यांना रीतसर कधींच मिळालें नाहीं. तें १९२३ सालीं त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांना मिळालें, आणि तेंही बंधूंनीं उघड निषेध केल्यानंतर. १९५५ मध्यें बाळू निवर्तले.

आतां या कथेचा अर्थ आपण कसा लावतों, यावर बरेंच अवलंबून आहे. रूळ ओढणारा गरीब मुलगा गुणांच्या बळावर वर आला, असा अर्थ सहसा लावला जातो, आणि तो खोटा नाहीं. पण त्यांत रूळ हा केवळ दैन्याची खूण ठरतो. जितक्या लवकर सुटला तितका बरा! पॅक्स्टनच्या बागेची जी गत झाली तीच बाळूंच्या रुळाची. आम्ही मोठेपण देतों तें मैदान सोडून गेलेल्या माळ्याला. मैदानावर राहिलेल्या माळ्याला आम्ही हांक मारतों तीही बहुधा नांवानें नव्हे.

हा धंदा मुळांत किती विद्येचा आहे, हें एका हरळीवरून समजावें. इंग्लंडांतील गवत दख्खनच्या उन्हांत टिकत नाहीं. येथें कामास येते ती आपली हरळी. काळ्या जमिनींत ती माजली म्हणजे खणून काढतां काढतां शेतकऱ्याचा जीव मेटाकुटीस येतो. तीच दूर्वा म्हणून गणपतीच्या मस्तकीं चढते. आणि तीच मैदानावर, तुडविली तरी पुन्हां उठणारी, सर्वांत भरंवशाची हिरवळ ठरते. इंग्रजींत तिला बर्म्यूडा गवत म्हणतात. अमेरिकेंत जॉर्जिया राज्यांतील टिफ्टन येथें ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञानें तिच्या व आफ्रिकेंतील एका भगिनीजातीच्या संकरांतून निघालेल्या जाती १९५० नंतरच्या काळांत प्रसृत केल्या, आणि उष्ण प्रदेशांतील अनेक मैदानांवर आज त्याच दिसतात. आमच्या शेतकऱ्यानें शापिलेल्या गवतावर परदेशीं एका विद्वानानें आयुष्य वेंचलें, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

आपल्याकडेही आज शिडी तयार होऊं लागली आहे. राहुरी, दापोली, अकोला व परभणी येथील कृषि विद्यापीठांत उद्यानविद्या शिकविली जाते; उद्यानरचना हा स्वतंत्र व्यवसाय झाला आहे; क्रिकेटचें नियामक मंडळ खेळपट्टी तयार करणाऱ्यांसाठीं वर्ग व परीक्षा घेतें. मानाच्याही कांहीं खुणा दिसतात. १७ सप्टेंबर २०२३ रोजीं कोलंबो येथें आशिया चषकाचा अंतिम सामना जिंकून दिल्यावर गोलंदाज महंमद सिराज यानें आपलें बक्षीस मैदानावरील कामगारांना देऊन टाकलें; २०२४ च्या आयपीएल स्पर्धेनंतर नियामक मंडळानें नेहमींच्या १० मैदानांवरील कामगारांना प्रत्येकीं २५ लाख रुपये व जादा ३ मैदानांना प्रत्येकीं १० लाख रुपये जाहीर केले. हें सारें स्तुत्यच आहे. परंतु बक्षीस आणि वेतन यांत अंतर आहे. बक्षीस हें देणाऱ्याच्या मनाचें मोठेपण दाखवितें. वेतन हें घेणाऱ्याच्या कामाची किंमत दाखवितें. ग्रेगसाहेबांचे ८ आणे हेंही बक्षीसच होतें, आणि त्यामुळें ४ रुपयांचे ५ झाले नव्हते.

सुशिक्षित घरांतील मुलगा किंवा मुलगी उद्यां माळीकाम शिकतों म्हणाली, तर किती आईबापांच्या कपाळाला आंठी पडणार नाहीं? कृषि पदवीपर्यंत आम्ही येतों, कारण तिच्या टोकाला कचेरी आहे. अंगठ्यानें मातीची ओल पाहणाऱ्या कामापाशीं मात्र आमचें पाऊल अडतें. हें पाऊल कोठें अडतें, याचा शोध घेतला तर तो पुण्याच्या त्या चहाच्या कुल्हडापर्यंत मागें जातो. हातानें मातीला शिवणाऱ्याला कमी लेखण्याची ती संवय आहे, आणि ती मोडेल तेव्हांच या धंद्यांतील उत्तम आणि कनिष्ठ यांचें भांडण मिटेल.

पुढच्या वेळीं एखाद्या मैदानाच्या कांठीं बसण्याचा योग आला, तर खेळ सुरू होण्यापूर्वीं थोडें आधीं जावें. रूळ फिरत असेल, कोणी वांकून माती चांचपीत असेल. त्याला नांव विचारावें. सातारला सबंध आठवडा रूळ ओढणाऱ्या त्या माणसाला तें कोणीही विचारलें नव्हतें.